कोंबडी घरात, धूळ कपाटात

पावसाळा सरत आला की आमच्याकडं येणाऱ्या प्रश्नांचा सूर ठरलेला असतोय. जूनपासून पिल्लं, कोंबड्या, पिंजरे सगळं आत घेतलेलं असतंय, आणि दसऱ्याला घर काढायला घेतलं की कळतंय टीव्हीच्या मागं काय साचलंय ते. यावेळी धुळीचेच इतके प्रश्न आलेत की अंड्यांचे आणि औषधांचे पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. लांबलचक होते ते जरा छाटलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई, आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत जुन्या घरात राहतो. परड्यात मुंगूस आणि भटक्या कुत्र्यांचा त्रास, त्यात पाऊस, म्हणून सात कोंबड्या (थोड्या गिरिराज, थोड्या गावठी) मागच्या खोलीत घेतल्यात. खाली वखारीतला लाकडाचा भुसा टाकलाय. रोज दोनदा झाडतो तरी तासाभरात सगळ्यावर धूळ. बायको म्हणते एक तर कोंबड्या राहतील नाहीतर मी. उपाय सांगा.

दादा, आधी झाडणं बंद करा. थट्टा नाही करत. कोरड्या झाडूनं तुम्ही धूळ काढत नाही, खालची वर उडवताय, त्यातली जाड तेवढी सुपलीत येती आणि बारीक असती ती हवेत तरंगत राहून सावकाश परत खाली बसती, तोवर तुम्ही "आत्ताच तर झाडलं" म्हणून कपाळाला हात लावता. त्या खोलीत ओलं फडकं नाहीतर ओला मॉप, एवढंच. व्हॅक्यूम क्लीनर असंल तर त्यात हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर आहे का बघा, नसंल तर बारीक धूळ मागच्या बाजूनं परत खोलीतच सोडतंय ते.

आता ही येती कुठनं ते बघू, कारण तुमच्याकडं एक नाही, चार-पाच ठिकाणांहून येत असणार.

पहिलं म्हणजे कोंबडी स्वतः. सकाळी खिडकीतनं उन्हाची तिरीप आत येती तेव्हा पिसं साफ करत बसलेल्या कोंबडीजवळ जरा वेळ बसून बघा. नवीन पीस एका पातळ पांढऱ्या नळीत गुंडाळूनच बाहेर येतंय, कोंबडी ती नळी चोचीनं कुरतडून फोडती, तिचे पापुद्रे उडतात, मग ती उठून एकदा अंग झटकती आणि त्या तिरिपेत जो काय धुरळा दिसतोय तो बघितला की पुढं काही समजावून सांगायला लागत नाही. पिसं झडायच्या दिवसांत, म्हणजे मोठी कोंबडी वर्षातनं एकदा अंडी बंद करून पिसं बदलती तेव्हा, हे दुप्पट-तिप्पट वाढतंय. पिल्लांचं तर विचारूच नका, तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला अंगावरची लव जाऊन खरी पिसं यायला लागली की खोक्यात उबेसाठी लावलेल्या बल्बवरसुद्धा थर बसतोय. तो थर पुसत जा हं, गरम बल्बवर धूळ आणि खाली कोरडं तूस म्हणजे आगीला आमंत्रण.

ह्याच्यावर उपाय नाही. कोंबडी आहे म्हणजे पिसं असणार. बाकीच्यांवर मात्र आहे.

भुसा बदला. वखारीतल्या करवतीचा बारीक भुसा हा धुळीचाच दुसरा अवतार, त्यात कोंबडी पायानं उकरून त्याचा ढग करती, आणि पिल्लं तर तो खातात आणि पोट गच्च होऊन बसतात. सुताराकडं रंध्याची सालपटं मिळतात ती चांगली. नाहीतर भाताचं तूस, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आजरा, चंदगड, राधानगरी सगळा भाताचाच पट्टा, गिरणीवाल्याला सांगून ठेवलं की पोतं मिळतंय. तूस आणल्या आणल्या खोलीत ओतू नका. बाहेर उघड्यावर, वारं पाठीवर घेऊन, जाड चाळणीनं एकदा चाळा, खाली काय पडतंय बघा म्हणजे कळेल की एवढं सगळं तुमच्या कपाटात जाणार होतं. दोन ते तीन इंच थर पुरे. भुईमुगाची टरफलंपण चालतात, फक्त कुबट वास आला किंवा काळे-पांढरे डाग दिसले तर परत करा, बुरशीची धूळ तुमच्यापेक्षा कोंबडीला आधी मारती.

खाद्य. मक्याचा भरडा आणि पेंड घरी मिसळून देताय का? मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाती आणि त्या निमित्तानं चोचीनं बरंच पीठ इकडं तिकडं उडवती. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका आणि भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल असं टांगा, उकरणं निम्म्यावर येतंय. किंवा क्रंबल म्हणून दाणेदार खाद्य मिळतंय ते घ्या, थोडं महाग पडतंय. काही जण भरड्याला पाण्याचा हात लावून देतात, तेही चालतंय पण दोन-तीन तासांत संपेल तेवढंच, उरलेलं आंबतंय.

आणि विष्ठा, जिच्याकडं कुणी धूळ म्हणून बघतच नाही. ओली असते तोवर नुसता वास, वाळली आणि पायाखाली आली की तिचं पीठ होतंय आणि ते पीठ तुम्ही श्वासात घेताय. कोंबड्या रात्री दांडीवर बसतात आणि रात्रभरात दांडीच्या बरोबर खाली ढीग पडतोय, म्हणून दांडीखाली एक फळी नाहीतर जुना पत्रा ठेवा, वर पेपर घाला, आणि सकाळी चहाच्या आधी, ओलं आहे तोवरच, पेपर गुंडाळून उचला. एवढ्या एका सवयीनं खोली बदलती. बाकी काही जमलं नाही तरी हे करा.

हवेचं राहिलं. छताचा पंखा बंद ठेवा, तो वरची धूळ खाली आणि खालची वर करत बसतोय. मागच्या खिडकीत एक एक्झॉस्ट फॅन बसवा, हवा बाहेर फेकणारा, आणि घराच्या बाजूचं दार लावून घ्या. आतली हवा बाहेर ओढली गेली की दाराखालच्या फटीतनं घरातली हवा कोंबड्यांकडं जाती, म्हणजे धुळीला घरात यायची वाटच राहत नाही. उलटं केलंत, म्हणजे खिडकीतनं हवा आत फेकलीत, तर सगळा माल थेट वहिनींच्या कपाटात. फॅनची पाती आणि मोटर पंधरवड्यातनं एकदा, स्विच बंद करून, पुसायची.

फरक पडतोय का ते बघायचं असंल तर एक काळं प्लास्टिकचं झाकण कोंबड्यांच्या खोलीत ठेवा आणि एक सोप्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दोन्हीवर बोटानं रेघ ओढा. पांढरी आणि बोटाला तेलकट-मऊ लागली तर पिसांची, पिवळट खरखरीत असंल तर भुशाची किंवा भरड्याची. सोप्यातल्या झाकणावर रेघ दिसायची बंद झाली की ते झाकण वहिनींना दाखवा.

धूळ बसावी म्हणून भुशावर पाणी मारलं तर चालतं का?

नाही.

फरशीवर मारा, गोणपाटावर मारा, भुशावर नको. ओल्या भुशात विष्ठा कुजून अमोनिया सुटतोय, रक्ती हगवणीचा जंतू ओलीवरच वाढतोय, बुरशी धरती. कोंबडीच्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं की समजायचं. तुम्ही उभं राहून वास घेता, कोंबडी जमिनीपासून वीतभरावर श्वास घेती, म्हणून गुडघ्यावर बसून नाक खाली न्या आणि मग ठरवा. भुसा मुठीत दाबायचा, मूठ उघडल्यावर सैल होऊन सुटला तर बरोबर, लाडू वळला तर ओला, आणि बोटांतनं पीठ उडालं तर फार कोरडा झालाय, वरचा थर काढून नवीन घाला.

फक्त सगळा भुसा बदलायच्या दिवशी, कोंबड्या बाहेर काढल्यावर, वरनं फवाऱ्यानं अगदी हलकं पाणी मारून घ्या, नाकाला एन-९५ लावा, आणि पोतं खोलीतच भरून तोंड बांधून मगच उचला. माजघरातनं उघडी पाटी घेऊन जाणारी माणसं मी बघितलीत, मग म्हणायचं धूळ आली कुठनं.

राजारामपुरीत फ्लॅटमध्ये दोन कॉकाटील (तुरेवाले छोटे परदेशी पोपट) आहेत. काळ्या टीव्हीवर रोज पांढरी पावडर बसते, काळा टीशर्ट घालून खांद्यावर घेतलं की टॅल्कम लावल्यासारखं होतं. पक्षी विकणारा म्हणतो आजारी आहेत, औषध घ्या. खरं आहे का?

औषधाचे पैसे वाचवा. कॉकाटील पावडर सोडणारच. ह्या पक्ष्यांना एक वेगळ्या जातीची लव असती, तिची टोकं सतत झिजून पावडर होती आणि ती पावडर ते स्वतःच्या अंगभर फासतात, पिसं पाण्यापासून वाचतात आणि नीट राहतात. काकाटू, आफ्रिकन ग्रे आणि आपली कबुतरं, ह्यांचं सगळ्यांचं तेच. तुमच्या बिल्डिंगमध्ये खिडकीच्या काचेवर कबूतर आदळलेलं असंल तर काच बघा, पंख पसरलेलं अख्खं कबूतर पांढऱ्या पावडरीत छापलेलं दिसतंय, डोळ्यासकट. ती हीच पावडर. बजी आणि लव्हबर्डचं त्यामानानं बरंच कमी, फिंचचं आणखी कमी. पावडर बंद झाली तर उलट काळजी करायची. काकाटूची चोच एरवी पावडरीमुळं राखाडी दिसती, ती काळी चकचकीत दिसायला लागली तर पक्ष्यांच्या डॉक्टरला दाखवायचं, पिसांचा एक वाईट विषाणू आजार असतोय त्याची ती खूण.

करायचं काय, तर आंघोळ. आठवड्यातनं तीन-चारदा सकाळी, ऊन असताना, कोमट पाण्याचा बारीक फवारा डोक्याच्या वरनं पावसासारखा पडू द्यायचा, तोंडावर मारायचा नाही. काहींना फवारा आवडत नाही ते पसरट ताटात उतरतात. साबण, शॅम्पू, डेटॉल काही नको, नुसतं पाणी. दुपारपर्यंत अंग वाळलं पाहिजे. जी पावडर पाण्याबरोबर बाथरूमच्या मोरीत गेली ती टीव्हीवर येत नाही, हिशोब सरळ आहे. म्हणून आंघोळ बाथरूममध्येच घाला, हॉलमध्ये नको.

पिंजरा बेडरूममध्ये असंल तर आजच हलवा. झोपेत आठ तास तीच हवा. स्वयंपाकघरातही नको, त्याचं कारण खाली एका उत्तरात आहेच. पिंजऱ्याखालचा पेपर रोज बदला, भुसा-बिसा घालायची गरजच नाही, आणि पिंजऱ्याच्या मागच्या भिंतीला पुसता येईल असा रंग किंवा टाइल्स असल्या तर निम्मं काम सोपं. पडदे, सोफ्याची कव्हरं, गालिचा हे पावडर धरून ठेवतात, पक्ष्यांच्या खोलीत जेवढं कापड कमी तेवढं बरं.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. आपला हिरवा पोपट आणि मुनिया पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. कॉकाटील, बजी चालतात. आफ्रिकन ग्रेसारखे काही परदेशी पक्षी असतील तर त्यांची सरकारकडं नोंद करायला लागती. विकणारा हे सांगत नाही.

एअर प्युरिफायर घेऊ का? दुकानदार पाच हजारापासून पंचवीस हजारापर्यंत काहीही दाखवतोय.

घ्या, पण सगळ्यात शेवटी. वरचं काहीच न करता प्युरिफायर लावला तर महिन्यात फिल्टर चोंदतोय आणि नवीन फिल्टरची किंमत ऐकून परत कोंबड्या विकायचा विषय निघतोय.

घ्यायचाच तर दोन गोष्टी बघा, रंग आणि ॲप बघू नका. एक, फिल्टर खरा हेपा आहे का, म्हणजे ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो असं लिहिलंय का, "हेपासारखा" असलं काही लिहिलं असंल तर सोडून द्या. दोन, सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतंय तो आकडा. हिशोब घरीच करा. दहा बाय बाराची खोली, उंची दहा फूट, म्हणजे बाराशे घनफूट, म्हणजे साधारण चौतीस घनमीटर. पक्ष्यांच्या खोलीतली हवा तासाला निदान पाच वेळा तरी फिल्टरमधनं जावी, म्हणजे एकशे सत्तर. हा आकडा मोठ्या स्पीडचा असतोय आणि मोठ्या स्पीडला मशीन एवढं गुरगुरतंय की कुणी लावतच नाही, म्हणून दोनशे-अडीचशेच्या पुढचं घ्या आणि मधल्या स्पीडला चालवा. पुढची धुता येणारी जाळी दर रविवारी धुवा, पिसं आधी तिथंच अडकतात.

ओझोन सोडणारी किंवा आयोनायझर बंद करता येत नाही असली मशीन पक्ष्यांच्या खोलीत अजिबात नकोत, ओझोन त्यांच्या फुप्फुसाला चालत नाही. आणि वासासाठी म्हणून घेत असाल तर साध्या कार्बन फिल्टरनं अमोनिया फारसा जात नाही, तो फक्त फावड्यानं जातोय.

बजेट नसंल तर एक देशी जुगाड आहे. जाड फिल्टरचं कापड, एसीच्या कामाचं मिळतंय ते, टेबलफॅनच्या मागच्या बाजूला, जिकडनं हवा आत ओढली जाती तिकडं, घट्ट बांधायचं. पुढं बांधू नका, मोटर धुळीत राहती. बारीक पावडर ह्यानं पूर्ण जात नाही पण पिसं आणि जाड धूळ बऱ्यापैकी धरतंय. मोटर तापायला लागली की कापड बदला, आणि घरी कुणी नसताना चालू ठेवू नका.

आमचं गाव कागलकडं. शेजारी गुऱ्हाळ आहे, चिपाडं फुकट मिळतात. कोंबड्यांखाली बारीक करून घातली तर?

फुकट म्हणून मोह होणार, मलाही कळतंय, पण घरातल्या खोलीत घालू नका. ताज्या चिपाडात ओल आणि साखर दोन्ही, चार दिवसांत बुरशी. ती वाळवून जुनी झाली की त्यातनं उडणारी धूळ त्याहून वाईट, त्यात बुरशीसारख्या सूक्ष्म जिवांचे बीजकण असतात. साखर कारखाने आणि कागद गिरण्यांत जुन्या बगॅसवर, म्हणजे ह्याच चिपाडांवर, काम करणाऱ्यांना ह्या धुळीनं फुप्फुसाचा आजार होतो, बगॅसोसिस म्हणतात त्याला, डॉक्टरांच्या पुस्तकात आहे. उघड्या शेडमध्ये, चांगली कडक वाळवलेली, पाऊस न लागलेली असतील आणि वारंवार बदलणार असाल तर कुणी वापरतात. घरात नको. चिपाडं चुलवाणातच जाऊ द्यात.

माझे वडील ६८ वर्षांचे. मंगळवार पेठेत गच्चीवर वीस वर्षांपासून कबुतरं आहेत, रोज सकाळ-संध्याकाळ खुराड्यात बसतात, झाडून काढतात. वर्षभर कोरडा खोकला, आता जिना चढताना दम लागतो. तीनदा अँटिबायोटिक झालं. म्हणतात वयाचं आहे. कबुतरांशी संबंध असू शकतो का?

असू शकतो, आणि हा प्रश्न मी सगळ्यात वर छापायला पाहिजे होता.

पक्ष्यांच्या पिसांची पावडर आणि वाळलेली विष्ठा वर्षानुवर्षं श्वासात गेली की काही माणसांच्या फुप्फुसाला तिचं वावडं होतंय. हा जंतूचा आजार नाही म्हणून अँटिबायोटिकनं बरं वाटत नाही. डॉक्टर त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, कबुतरं पाळणाऱ्यांमधला हा आजार १९६० च्या दशकापासून माहीत आहे. दोन तऱ्हा असतात. एकात खुराडं साफ केल्यावर चार ते आठ तासांनी ताप, थंडी, खोकला, छाती आवळल्यासारखी होती आणि दुसऱ्या दिवशी उतरतंय, माणूस म्हणतो हवा बदलली. दुसऱ्यात काहीच मोठं होत नाही, नुसता कोरडा खोकला, थोडं वजन उतरणं, जिन्यावर दम, आणि हळूहळू फुप्फुस आतनं कडक होत जातंय. ते कडक झालेलं परत मऊ होत नाही. तुम्ही लिहिलंय ते ह्या दुसऱ्याच्या जवळचं वाटतंय, पण पत्र वाचून मी निदान करणार नाही, खोकल्याला आणि दम लागण्याला टीबीपासून हृदयापर्यंत दहा कारणं असतात.

२०१७ साली भारतातल्या २७ केंद्रांवरच्या हजारावर फुप्फुस-कडक होणाऱ्या पेशंटांची पाहणी छापून आली होती, त्यात जवळजवळ निम्म्यांना हाच आजार निघाला. कारणांत पक्षी होते आणि बुरशी धरलेले एअर कूलरही होते, त्यामुळं घरात कूलर असंल तर त्याचंही पाणी आणि वाळ्याचे पडदे बघा.

आता काय करायचं ते. फॅमिली डॉक्टरकडं चौथ्यांदा जाऊ नका, छातीच्या तज्ज्ञाकडं न्या, सीपीआर सरकारी दवाखान्यात ओपीडी आहे नाहीतर तुमच्या ओळखीतल्या कुणाकडं. आणि तिथं पहिल्याच वाक्यात सांगा की घरी कबुतरं आहेत, वीस वर्षं, रोज खुराड्यात जातात. आपली माणसं हे सांगतच नाहीत, डॉक्टरनं विचारलं "घरी काय पाळलंय का" तर म्हणतात कुत्रं नाही साहेब. डॉक्टर बहुतेक फुप्फुसाचा एचआरसीटी स्कॅन आणि फुंकायची टेस्ट सांगतील. पक्ष्यांपासून लागणारा सिटॅकोसिस म्हणून एक जंतूचा आजारही असतोय, त्याला औषध आहे पण ते वेगळं, तेही त्यांना पक्षी आहेत हे माहीत असलं तरच सुचणार.

रिपोर्ट येईपर्यंत वडिलांनी खुराड्यात जायचं नाही. मास्क लावून जाऊ द्या असं ते म्हणणार. एन-९५ निरोगी माणसाच्या रोजच्या कामाला ठीक, आणि तोही दाढी-मिशांवर नीट बसत नाही, पण वावडं झालेल्या माणसाला थोडी धूळसुद्धा पुरती. निदान तेच निघालं तर कबुतरं घरातनं गेलीच पाहिजेत, गोळ्या खात खात कबुतरं ठेवणं हा सौदा होत नाही. आणि पक्षी गेले तरी पावडर घरात काही महिने राहती, म्हणून गच्ची, गाद्या, पडदे सगळं ओल्यानं पुसायला, धुवायला लागणार, तेही दुसऱ्या कुणीतरी.

मला माहिती आहे हे सांगणं किती अवघड आहे. पेठेत कबुतरं म्हणजे नुसते पक्षी नसतात, ती उडवायची हौस असती, दोस्त असतात, संध्याकाळ असती. २०२५ मध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरनं केवढा गदारोळ झाला, दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली, प्रकरण हायकोर्टात गेलं, लोक रस्त्यावर आले. तिथं अनोळखी कबुतरांसाठी एवढं, मग वडिलांची तर नावानं ओळखीची. एखाद्या तरुण दोस्ताच्या गच्चीवर जोड्या हलवा, वडिलांना लांबनं, खालनं आभाळात बघू द्या. आकाशात उडणारं कबूतर काही करत नाही, बंद खुराड्यातली हवा करती.

पक्ष्यांच्या खोलीत वासासाठी धूप, कापूर, उदबत्ती लावली तर चालेल का?

पक्ष्याचं फुप्फुस आपल्यासारखं नाही. त्याला हवेच्या पिशव्या असतात आणि हवा एका दिशेनं वाहत जाती, त्यामुळं तो हवेतलं सगळं आपल्यापेक्षा जास्त ओढून घेतोय, चांगलंही आणि वाईटही. धूप, उदबत्ती, मच्छर कॉइल, रूम फ्रेशनर, डांबरगोळ्या काहीच नको. आणि नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून करपला तर त्याचा धूर, जो आपल्याला नुसता वास वाटतोय, पिंजऱ्यातल्या पक्ष्याला काही मिनिटांत मारतोय. म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नको म्हटलं. वास येतोय तर खाली काहीतरी ओलं आहे, ते शोधा.

मुलीनं जत्रेत रंगवलेली पिल्लं घेतली होती. एक जगलं, आता तो भलामोठा पांढरा कोंबडा झालाय आणि गॅलरीत राहतो. तुळशीच्या कुंडीत लोळतो, माती हॉलपर्यंत येते. फुलेवाडी, तिसरा मजला. ही सवय कशी मोडायची?

मोडायची नाही. कोंबडी पाण्यानं नाही, मातीनं आंघोळ करती, पिसांतलं तेल आणि उवा-गोचिडं त्यानं जातात, लोळायला मिळालं नाही तर अंगावर उवा वाढतात आणि जनावर चिडचिडं होतंय. (रंगवलेली पिल्लं बहुतेक अंडी देणाऱ्या जातीची नर पिल्लं असतात, हॅचरीला नको असलेली, त्यामुळं कोंबडा निघणार हे ठरलेलंच होतं. मुलीला सांगा पुढच्या जत्रेत फुगा घे.)

त्याला स्वतःचं टब द्या. गुडघ्याएवढ्या उंचीच्या भिंतीचं, जुनं कपडे धुवायचं चालेल, आत निम्मी नदीची जाड वाळू, निम्मी कोरडी माती, वरनं चाळलेली लाकडाची राख दोन-चार मुठी, जास्त नको. कोळशाची किंवा प्लास्टिक जाळलेली राख नको, चुना नको, आणि डायटोमेशस अर्थ म्हणून पांढरी पावडर ऑनलाइन विकतात ती तर बंद गॅलरीत अजिबात नको, ती पिठापेक्षा बारीक, त्याच्याही फुप्फुसात जाती आणि तुमच्याही. माती सहा इंच पुरे म्हणजे वर भिंत उरती आणि उडलेलं आतच पडतंय. हॉलच्या बाजूनं टबला पुठ्ठा लावा. कोंबडे साधारण दुपारी, ऊन अंगावर आलं की लोळतात, त्या अर्ध्या तासात हॉलचं स्लायडिंग बंद ठेवायचं, झालं. तुळस आत घ्या नाहीतर कुंडीवर जाळी टाका.

धुळीचं एवढं. तिसऱ्या मजल्यावर पहाटे चारला आरवतो त्याचं सोसायटीच्या मीटिंगला काय सांगायचं ते मात्र तुमचं तुम्ही बघा. गावाकडं कुणी असंल तर त्यांना आत्ताच फोन करून ठेवा.